एबीआयएमचे १०० पॉइंट: कोर्स पूर्ण, सर्टिफिकेट हातात, पोर्टलवर शून्य

अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनचं बोर्ड सर्टिफिकेट चालू ठेवायचं तर एबीआयएमकडे (अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिन, खाली 'बोर्ड') दर ५ वर्षांत १०० एमओसी पॉइंट (सर्टिफिकेट टिकवण्यासाठीचे) जमा व्हावे लागतात, आणि दर २ वर्षांत थोडे तरी. पॉइंट मिळवायच्या वाटा भरपूर आहेत. मला मनस्ताप झाला तो मिळवलेले पॉइंट बोर्डापर्यंत पोहोचवताना, म्हणून आधी तेच लिहिते.

पॉइंट आपल्याला स्वतः भरता येत नाहीत. कोर्स घेणारी संस्था ते एसीसीएमईच्या (डॉक्टरांचे कोर्स घेणाऱ्या संस्थांना मान्यता देणारी संस्था) 'पार्स' या नोंदणी प्रणालीत भरते आणि तिथून ते बोर्डाकडे जातात. त्या नोंदीत एबीआयएम क्रमांक, नाव, आडनाव, जन्मतारखेचा महिना व दिवस आणि कोर्स पूर्ण केल्याची तारीख असते. ओळख पटली नाही की नोंद अडकते, आणि ती अडकल्याचं आपल्याला कुणी कळवत नाही.

एका परिषदेचे माझे पॉइंट असेच अडकले. आयोजकांच्या कचेरीचं म्हणणं, आम्ही पाठवले. बोर्डाचं म्हणणं, आमच्याकडे आले नाहीत, आयोजकांना विचारा. अखेर कळलं की कचेरीने माझ्या जन्मतारखेचा दिवस आणि महिना उलटा भरला होता. आपल्याकडे आधी दिवस लिहितात, इथे आधी महिना. जन्म १३ ते ३१ तारखेचा असेल तर चूक लगेच पकडली जाते, कारण तेरावा महिना नसतो. पण ४ सप्टेंबरचं ९ एप्रिल झालं तर कुणालाही संशय येत नाही. फोनवर मला "थोडं थांबा, दिसतील" एवढंच उत्तर मिळत राहिलं, आणि याचा राग अजून गेलेला नाही. अडकलेली नोंद थांबून सुटत नाही, ती दुरुस्त करून पुन्हा पाठवावी लागते, आणि ते काम फक्त आयोजकच करू शकतात.

म्हणून फोन न करता ईमेल करा. त्यात कोर्सचं नाव, पूर्ण केल्याची तारीख, पॉइंट, एबीआयएम क्रमांक, बोर्डाच्या पोर्टलवर आहे अगदी तसंच नाव आणि जन्माचा महिना अक्षरात लिहा. सर्टिफिकेट जोडा. "पार्समध्ये माझ्या नोंदीवर कोणती त्रुटी दिसते?" असा नेमका प्रश्न विचारा, म्हणजे कुणाला तरी ती उघडून पाहावीच लागते.

आणखी तीन ठिकाणी घोळ होतो. एबीआयएम क्रमांकाच्या जागी १० अंकी एनपीआय (अमेरिकेत प्रत्येक डॉक्टरला मिळणारा राष्ट्रीय क्रमांक) भरला जातो. लग्नानंतर बदललेलं आडनाव लायसन्सवर एक आणि बोर्डाकडे दुसरं असतं, किंवा वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात गेलेलं असतं. तिसरं म्हणजे, माहिती बोर्डाला पाठवायला संमती देण्याची खूण फॉर्मवर राहून जाते.

आता वाटा. महागडा प्रश्नसंच विकत घ्यायलाच हवा असं नाही. एलकेए (बोर्डाची घरबसल्या थोडी थोडी द्यायची ऑनलाइन परीक्षा) घेतलं असेल तर दर तिमाहीला ३० प्रश्न येतात, प्रत्येकाला ४ मिनिटं, आणि बरोबर उत्तराला ०.२ पॉइंट. वर्षाच्या १२० प्रश्नांपैकी ७० टक्के बरोबर आले तर १६.८ पॉइंट होतात, म्हणजे ५ वर्षांत ८४. उरलेले १६ सहज जमतात. अपटूडेट या डॉक्टरांच्या ऑनलाइन संदर्भकोशावर रोज रुग्णांसाठी जे शोधतो त्याचेही पॉइंट मिळतात, पण स्वतःच्या लॉगिनमधून शोधलं तरच, आणि नंतर ते रिडीम करून बोर्डाकडे पाठवावे लागतात. हॉस्पिटलच्या लॉगिनवर केलेलं शोधकाम वाया जातं. जामा या वैद्यकीय नियतकालिकाच्या लेखांवरच्या प्रश्नमंजूषा आहेत. आपल्या हॉस्पिटलची एम अँड एम कॉन्फरन्स (मृत्यू किंवा गुंतागुंत झालेल्या केसवरची चर्चा) एमओसीसाठी नोंदलेली आहे का, तेही विचारा. आठवड्याला बसतोच आहोत, तर पॉइंट का सोडायचे? गुणवत्ता सुधारणेचा प्रकल्प एबीएमएस या सगळ्या स्पेशालिटी बोर्डांच्या मध्यवर्ती संस्थेच्या पोर्टफोलिओ प्रोग्रॅममधून नोंदवता येतो, पण नुसत्या पॉइंटांसाठी तो सुरू करू नये, काम फार असतं.

साधा सीएमई (डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाचा) क्रेडिट म्हणजे एमओसी पॉइंट नव्हे. व्याख्यान ऐकलं की क्रेडिट मिळतो. पॉइंटसाठी मूल्यमापन हवं, म्हणजे प्रश्नमंजूषा, केसवर लेखी उत्तर असं काहीतरी, आणि त्यावर अभिप्रायही. सर्टिफिकेटवर एमओसीचं वाक्य आहे का ते पैसे भरण्यापूर्वी विचारा, किंवा सीएमई पासपोर्ट या एसीसीएमईच्या वेबसाइटवर कोर्स शोधून पाहा. मुंबई-पुण्याच्या परिषदेत मिळालेले महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे क्रेडिट इथे चालत नाहीत. ते तिथल्या नूतनीकरणासाठी, ५ वर्षांत ३० लागतात त्यात मोजले जातात.

शेवटची मुदत ३१ डिसेंबर. नाताळात आयोजकांच्या कचेऱ्या बंद असतात आणि दुरुस्ती करणारं माणूस भेटत नाही. ऑक्टोबरमध्येच पोर्टल उघडून हातातली सर्टिफिकेटं एकेक ताडून पाहा.