एनएच 27, पोरबंदर ते सिलचर: शीटमध्ये सूर्य घुसला

मंडळी, पोरबंदर ते आसामातलं सिलचर असा अख्खा एनएच 27 (राष्ट्रीय महामार्ग) गाडीने करायचा आपला बेत. मागच्या अपडेटनंतर त्याच्या वेळापत्रकाची शीट जवळजवळ फायनल झाली होती. कोटा-कानपूर एका दिवसात मारायचं म्हटल्यावर तुम्ही सगळे तुटून पडलात, म्हणून शिवपुरीचा मुक्काम वाढवला. (शिंदे राजघराण्याच्या छत्र्या, म्हणजे स्मारकं, बघायच्याच होत्या, त्यामुळे तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी झाशी वाटेतच आहे, किल्ल्याला सकाळ राखून ठेवली आहे.) हॉटेलांना फोन सुरू झाले. आणि मग मेव्हण्याने, म्हणजे आपल्या दोन नंबरच्या ड्रायव्हरने, विचारलं, "दाजी, सिलचरला सूर्य किती वाजता मावळतो?"

नोव्हेंबरअखेरीस पोरबंदरला सहा वाजून गेल्यावर मावळतो. सिलचरला साडेचारच्या आत.

घड्याळ दोन्हीकडे एकच. पण पोरबंदर साधारण 69.6 अंश पूर्वेला आणि सिलचर 92.8 वर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर फरक दीड तासाचा. आसामातल्या चहाच्या मळ्यांनी यावर कधीचाच तोडगा काढलाय. त्यांचं 'बागान टाइम' भारतीय वेळेच्या एक तास पुढे चालतं.

आपला नियम जुन्या मेंबरांना पाठ आहे: अंधार पडला की चाक थांबलं पाहिजे. रस्ता चौपदरी असला म्हणून काय झालं, गोरखपूर-गोपालगंज पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या मागचा दिवा न लावता निघतात आणि राँग साइडने येणाऱ्याला आपण चुकतोय असं वाटतही नाही. म्हणून शीटमध्ये 'पोहोच' हा रकाना आहे आणि सगळीकडे साडेपाचची मर्यादा. त्याच्या शेजारी प्रत्येक गावाचा त्या तारखेचा सूर्यास्त टाकला आणि उशीर होणाऱ्या चौकटी लाल होतील असं केलं. कोटापर्यंत सगळं हिरवं. कानपूरला पहिली लाल. मुझफ्फरपूरनंतर अख्खी शीट लाल.

सगळ्यात वाईट अवस्था सिलीगुडी-गुवाहाटीची. साडेचारशेच्या आसपास किलोमीटर. मॅप जे तास दाखवतो त्यात मी सव्वापट धरतो, वर चहा-जेवण-पेट्रोल वेगळं. म्हणजे उजेडाचे जेमतेम पावणेअकरा तास पूर्ण वापरले तरी गुवाहाटीच्या ऐन ट्रॅफिकमध्ये अंधारात शिरायचं. वाटेत बोंगाईगावला मुक्काम करून तोडलं तर एक दिवस वाढतो, आणि तो दिवस सुट्टीत नाही.

मग उपाय सुरू. पहिला सोपा: तारखा हलवा. डिसेंबरच्या उत्तरार्धात उत्तर प्रदेश-बिहारच्या मैदानात धुकं बसतं, तेव्हा उजेड असून नसल्यासारखाच. फेब्रुवारीत धुकं ओसरतं, सिलचरला सूर्यही पाचनंतर मावळतो. पण घरात दहावी आहे आणि मेव्हणा बँकेत, त्याला मार्चअखेर सोडून काही सुचत नाही. उलट नोव्हेंबरात आधी गेलो तर छठ. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी अख्खा बिहार घरी आलेला असतो आणि मग परतीला लागतो. त्या गर्दीत मुझफ्फरपूर-दरभंगा नको. त्रिपुरी पौर्णिमेनंतर निघायचं, हेच राहिलं.

दुसरा उपाय: रोज थोडं लवकर निघायचं. घड्याळाकडे न बघता सूर्याच्या हिशोबाने जगायचं. पोरबंदरहून सातला, लखनौहून सव्वासहाला, सिलीगुडीहून पावणेसहाला. कागदावर हे झकास बसलं आणि लाल चौकटी निम्म्या झाल्या. पण लॉजवाल्यांना पहाटे पाचला चहा मागणं, गेटचं कुलूप काढायला लावणं, आपल्या गाडीमागे लावलेली दुसरी गाडी हलवायला मालक शोधणं, हे ज्याने केलंय त्याला माहीत. म्हणून आता फोनवर पहिला प्रश्न पार्किंगचा. 'गाडी एकटी बाहेर निघेल ना?' या प्रश्नाला जो गडबडतो त्याचं नाव कट.

आणि तरीही शेवटचा डोंगर उरतोच. लुमडिंगच्या पुढे डिमा हासाओ, आसामचा डोंगराळ जिल्हा. हाफलाँग, जटिंगा, हरंगाजाओ, मग उतरून सिलचर. 2022 च्या मे महिन्यात न्यू हाफलाँग स्टेशनात गाळ घुसून उभ्या गाडीचे डबे कलंडले होते, ते फोटो बघितले असतील. तो भाग तसाच आहे, पावसाळ्यात डोंगर खाली येतो. जटिंगा-हरंगाजाओ हा तुकडा तर वर्षानुवर्षे रखडलेला म्हणून प्रसिद्ध. पर्याय आहे शिलाँग-जोवाई-सोनापूर मार्गे एनएच 6. पण तिथे लुमश्नाँगच्या सिमेंट कारखान्यांचे ट्रक, आणि मुख्य म्हणजे तो 27 नव्हे. शिलाँग-सिलचर नव्या हायस्पीड रस्त्याला 2025 मध्ये केंद्राची मंजुरी मिळालीय, तो आपल्या कामाचा नाही, नातवंडं वापरतील.

थोडक्यात अडचण अशी: सगळ्यात बेभरवशाचा रस्ता, सगळ्यात लहान दिवस आणि सगळ्यात दमलेले ड्रायव्हर, तिन्ही शेवटच्या टोकाला एकत्र.

ही ओळ टाइप करतानाच सुचलं. उलटं जायचं.

नाशिकहून पूर्वेला जावं तर लागणारच आहे. मग जाताना 27 ला हातच लावायचा नाही. नागपूर, रायपूर, संबलपूर, खडगपूर, कोलकाता, फराक्का बॅरेजवरून डालखोला. तिथून सिलीगुडीमार्गे गुवाहाटी एवढाच तुकडा 27 चा, तो घाई न करता, बोंगाईगावला थांबून. मग शिलाँगमार्गे सिलचर. आणि 27 सिलचरहून सुरू.

फायदे बघा. डोंगराचा तुकडा पहिल्याच दिवशी, सूर्योदयाला निघून, हाफलाँगला मुक्काम धरून. रस्ता बंद असेल तर सिलचरमध्येच कळेल, तिथे एक दिवस थांबता येईल. पश्चिमेला सरकू तसा सूर्यास्त रोज काही मिनिटांनी लांबतो, म्हणजे आपण दमत जातो तशी सवलत वाढत जाते. आणि ड्रायव्हिंगचा मोठा हिस्सा सकाळचा असल्यामुळे ऊन पाठीवर. पूर्वेला जाताना पहाटे निघणं म्हणजे पहिले दोन तास सूर्य थेट काचेतून डोळ्यात. शेवट पोरबंदरला, कीर्तिमंदिर (गांधीजींचं जन्मस्थान) बघून चौपाटीवर, आणि तिथून घर त्यामानाने जवळ. मेव्हण्याचं म्हणणं एवढंच की ट्रिप दारूबंदीच्या राज्यात संपते. मध्ये बिहार आहेच, तिथे 2016 पासून बंद. गाडीत एक थेंबही नेणार नाही, हे त्याला लेखी देऊन ठेवलंय.

तोटा: जाण्याचा रस्ता लांबतो, म्हणजे बोंगाईगावला वाचवत होतो तो दिवस आता द्यावाच लागणार. कसा मिळवायचा ते अजून शोधतोय. बहुतेक उदयपूरचा आरामाचा दिवस उडेल. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

बाकी किरकोळ. फास्टॅगचा वार्षिक पास काढला, 2025 च्या दराने 3,000 रुपयांत 200 टोल. नॅशनल हायवेवर चालतो, समृद्धीवर नाही, त्यामुळे नागपूरपर्यंत धुळे-जळगावकडून जायचं की समृद्धीचे पैसे भरून वेळ घ्यायचा? हरवलेला दिवस कदाचित इथेच सापडेल. जुन्या टोलच्या रकान्यातले आकडे पुसताना जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही.

पंक्चर किट बदललं. ऑनलाइन मागवलेल्या किटच्या सुईचं नाकं जुन्या टायरवर सराव करतानाच वाकलं, दोरी अर्धी आत आणि अर्धी बाहेर. आता टी-हँडलचं जाड पोलादी, गॅरेजवाले वापरतात ते. दीडपट किंमत, पण दोरी एका दाबात बसते. स्टेपनी बारीक असेल आणि तिच्यावर ताशी 80 ची मर्यादा छापलेली असेल, तर किटवर पैसे वाचवू नका.

उलट्या दिशेची शीट रविवारपर्यंत टाकतो. तोवर दोन गोष्टी हव्यात. जटिंगा-हरंगाजाओ यंदा पावसाळ्यानंतर कोणी केला असेल तर छोट्या गाडीचं पोट घासतं का ते सांगा. आणि पश्चिम बंगालात फालाकाटा ते सलसलाबारी काम कुठवर आलंय? तिथे मी ताशी 30 धरलेत, 40 धरता आले तर उदयपूर वाचतं.