जाळीचं चिन्ह

दिवाणजींनी इंटरनेटचा नवा पासवर्ड रोजमेळाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला होता. इंग्रजी अक्षरांत हळदी, मग #, मग ७२. सुटं, गोल अक्षर. मी तो तीनदा वाचला, तीनदा टाइप केला आणि तिन्ही वेळा मोडेमनं, म्हणजे टेलिफोनवरून इंटरनेट जोडणाऱ्या डबीनं, जोडणी झाल्यावर चार-पाच सेकंदांत फोन ठेवून दिला.

२००२चा जुलै. सांगलीच्या मार्केट यार्डातलं हळदीचं आडत दुकान. मागच्या खोलीत पोत्यांच्या थप्पीशेजारी एका जुन्या पेंटियम कॉम्प्युटरवर मी विंडोजऐवजी रेड हॅट ७.२ हे फुकटचं लिनक्स बसवलं होतं. पहिल्या सीरियल पोर्टला बाहेरचा ५६केचा मोडेम. दुकानातल्या चार कॉम्प्युटरांपैकी कुणीही ब्राउझर उघडला की हे मशीन आपणहून फोन लावायचं आणि पाच मिनिटं काही हालचाल नसली की आपणहून ठेवायचं. चौघांना एकाच लाइनवर इंटरनेट, सॉफ्टवेअरचा खर्च शून्य. त्या वेळी आमच्या कॉम्प्युटरच्या धंद्यातले बाकीचे लोक कशावरही एकच औषध द्यायचे, ‘फॉर्मॅट मारा’. त्यामुळे या मशीनचा मला जरा जास्तच अभिमान होता, आणि पुढचं सगळं त्या अभिमानातूनच झालं.

मोडेमचं किंचाळणं लोकांना एकसारखंच वाटतं, पण कानाला सवय झाली की त्यातले टप्पे वेगळे कळतात. डायल टोन, आकडे, पलीकडची शिट्टी, मग दोघांची कुस्ती, शेवटी फसफस आणि शांतता. शांतता आली म्हणजे मोडेमांचं आपापसांत जमलं. पावसाळ्यात पहिला संशय टेलिफोनच्या तारेवरच जातो, म्हणून साधा फोन लावून ऐकलं. खरखर नव्हती. मशीनची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडला. एलसीपी, म्हणजे जोडणीची पहिली बोलणी, पार पडलेलं. फोनवरून इंटरनेट चालवायची जी पद्धत, पीपीपी, तिची दोन्हीकडची भाषा जुळली होती. पुढची ओळ: पॅप ऑथेंटिकेशन फेल्ड. म्हणजे पलीकडच्या, इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरनं नाव-पासवर्ड नाकारला.

मग मिनिकॉम हा मोडेमशी थेट बोलायचा प्रोग्रॅम उघडून हातानं नंबर फिरवला. काही ठिकाणी सर्व्हर अजून ‘लॉगिन’ असा शब्द छापून विचारायचे. तिथं स्क्रिप्टमध्ये आपण मुद्दाम पहिलं अक्षर गाळून ‘ऑगिन’ची वाट पाहायचो, कारण एल मोठा येईल की लहान याचा भरवसा नसे. इथं तसलं काही नव्हतं. फोन लागताच पडद्यावर ~}#!}!}! असला कचरा सांडला. हा कचरा म्हणजे सर्व्हर थेट पीपीपी बोलतोय याची खूण. तो दिसला की मला बरं वाटतं. त्यात # होतं. माझ्या नाकासमोर, दर खेपेला.

पासवर्डची फाइल तपासली. परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी, पहिल्या रकान्यात खात्याचं नाव, मधे चांदणी, शेवटी पासवर्ड. मशीनला दुसरा डिफॉल्ट रूट, म्हणजे बाहेर जायचा दुसरा ठरलेला रस्ता, असला की पीपीपीडी हा जोडणी सांभाळणारा प्रोग्रॅम उलट सर्व्हरकडेच ओळख मागत बसतो. ते टाळणारा नोऑथ हा पर्याय मी पहिल्याच दिवशी घातला होता, तोही जागेवर होता. म्हणजे माझ्याकडून सगळं बरोबर.

मग चूक कुणाची? पासवर्ड बदलणाऱ्याची.

इंटरनेटच्या खात्यातले तास कुणीतरी चोरून वापरतंय असा शेठजींना संशय होता, म्हणून त्यांनी दिवाणजींना पासवर्ड बदलायला सांगितलं होतं. दिवाणजींचं वय साठीच्या पुढे. इंटरनेट कंपनीच्या पानावर लिहिलं होतं की अक्षर, आकडा आणि एखादं चिन्ह घाला. ते वाचून त्यांनी तिन्ही घातलं. मी शेठजींसमोर म्हणालो, “दिवाणजी, काय टाइप केलं ते तुम्हाला तरी आठवतंय का?” ते म्हणाले, “साहेब, लिहिलंय तेच. मधे ते जाळीचं चिन्ह आहे.” मी हसलो. शेठजीही हसले.

कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. पोरगा म्हणाला, स्टार्ट बटण दाबा. लिनक्स म्हटल्यावर म्हणाला, ते आम्ही बघत नाही.

मोडेम काढून हिशेबाच्या विंडोज मशीनला लावला. दिवाणजींनी एकेका बोटानं पासवर्ड घातला. एका झटक्यात लागलं. त्यावर मी काय म्हणावं? “विंडोजमध्ये जुना पासवर्ड साठवलेला असेल.” जुना तर बंद झाला होता! तरी साठवलेला पुसून त्यांना पुन्हा टाइप करायला लावला. पुन्हा लागलं. तोपर्यंत दुपार झाली होती, आणि हळदीचे दर ईमेलनं सकाळीच जायला हवे होते.

पीपीपीडी लॉगमध्ये पासवर्डच्या जागी ‘हिडन’ असं छापतो. सुरक्षेसाठी ते योग्यच. पण ते झाकण काढायचा शो-पासवर्ड हा पर्याय आहे, आणि तो मला आठवायला चार तास लागले. घातला, फोन लावला, लॉग पाहिला. सर्व्हरला गेलेला पासवर्ड होता नुसता ‘हळदी’. पुढचं चिन्ह नाही, ७२ नाही.

पासवर्डच्या त्या फाइलमध्ये # पासून पुढचं सगळं शेरा समजून सोडून दिलं जातं. पासवर्डला दोन्हीकडून अवतरणचिन्हं घातली की झालं. हे मला माहीत होतं. त्याच फाइलच्या वरच्या भागात माझ्याच हातचे # लावलेले चार शेरे होते. दोन अवतरणचिन्हं घातली, लाइन लागली.

शेठजींनी विचारलं, “काय होतं?” मी म्हणालो, “सेटिंग.” बिलावर ‘मोडेम सेटिंग’ एवढंच लिहिलं. खरं उत्तर एका वाक्याचं होतं: दिवाणजींचं बरोबर होतं, माझं चुकलं. ते समोरच उभे होते, चहा घेऊन. मी चहा घेतला.

दिवाळीनंतर मोडेम बदलायला परत गेलो. दिवाणजी रजेवर होते. फाइल उघडली तर पासवर्ड बदललेला. त्यांनी बदलला होता आणि मशीनमध्ये शेठजींच्या मुलानं घातला होता. इंग्रजीत हळदी आणि पुढे ७२. मधलं # काढून टाकलेलं. माझी दोन अवतरणचिन्हं मात्र मुलानं जशीच्या तशी ठेवली होती, आता काही काम नसलेली.

“ते चिन्ह का काढलं?” मी विचारलं.

“दिवाणकाकाच म्हणाले,” मुलगा म्हणाला, “माझ्यामुळं उगाच त्या दिवशी सगळ्यांचा खोळंबा झाला.”