सखारामच्या जागी सहा प्रश्नचिन्हं

दिवाळीच्या आधीचा गुरुवार होता. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीचं संगणकाचं काम मी बघते. ऑफिस ठाण्यात, कारखाना रबाळ्याला. कामगारांची सगळी माहिती रबाळ्याच्या सर्व्हरवर, उबुंटू लिनक्सवर चालणाऱ्या मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये. हिशेब बघणारे काका विंडोजवर एक्सेल वापरतात आणि शेजारच्या टेबलावरची मुलगी लिनक्सवर लिब्रेऑफिस. शुक्रवारी बोनसच्या चिठ्ठ्या वाटायच्या होत्या, नावं मराठीत. आजवर रबाळ्याहून पेनड्राइव्हवर यादी यायची आणि हातात पडेपर्यंत ती शिळी झालेली असायची. म्हणून या वेळी दोन्ही मशीन थेट सर्व्हरला जोडायची ठरली.

सर्व्हरचं ३३०६ नंबरचं पोर्ट, म्हणजे मायएसक्यूएलचं दार, बाहेरच्या जगाला उघडायला मी साफ नकार दिला. माणसांचे पगार आणि बँक खाती आहेत त्यात. एसएसएचचं टनेल टाकलं, म्हणजे ठाण्याच्या मशीनवरचं ३३०७ पोर्ट आतल्या आत, कुलूपबंद वाटेने रबाळ्याच्या ३३०६ला जाऊन मिळतं. शिवाय युजर फक्त वाचण्यापुरता दिला. एक्सेलमधून कोणाच्या हातून काही पुसलं जाऊ नये, हे मला आधी हवं होतं.

लिनक्सवर पहिला अर्धा तास गेला तो एका शब्दापायी. पत्त्याच्या जागी मी 'लोकलहोस्ट', म्हणजे 'हेच मशीन', लिहिलं होतं. विंडोजवर ते चालतं. लिनक्सवर मात्र हा शब्द दिसला की मायएसक्यूएल पोर्टकडे बघतच नाही, त्याच मशीनवरची सॉकेटची फाइल (आतल्या आत जोडणीसाठी असते ती) शोधत बसतं. तोच पत्ता १२७.०.०.१ असा आकड्यांत लिहिल्यावर टनेलमधून सरळ रबाळ्याला पोचलो. लिब्रेऑफिसमध्ये यादी उघडली, पहिल्या पानावर सगळी नावं स्वच्छ मराठीत. मुलगी खुर्चीतून उठून बघायला आली.

काकांच्या मशीनने जास्त दमवलं. ऑफिस ३२ बिटचं, आणि मी ओडीबीसीचा, म्हणजे एक्सेलला डेटाबेसशी जोडणारा, ड्रायव्हर टाकलेला ६४ बिटचा. एक्सेल म्हणे, ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम यांचा मेळ बसत नाही. यात विंडोजची नावं आणखी गोंधळ घालतात: ६४ बिटचा ओडीबीसी मॅनेजर 'सिस्टम३२' नावाच्या फोल्डरमध्ये, आणि ३२ बिटचा, ज्याच्या नावात ६४ आहे, त्या फोल्डरमध्ये! दोन्हीकडे फाइलचं नावही तेच. हे ज्याला माहीत नाही तो दिवसभर चुकीच्या खिडकीत डीएसएन, म्हणजे जोडणीची नोंद, बनवत बसेल, आणि एक्सेलला तो कधीच उपयोगी पडणार नाही. ३२ बिटचा ड्रायव्हर टाकला, त्याच्याच मॅनेजरमधून नवा डीएसएन केला आणि एक्सेलमध्ये यादी आली.

"मॅडम, आकडे बरोबर आहेत. पण नावं कुठे गेली?" काका म्हणाले.

नावांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत प्रश्नचिन्हं. मी शेजारच्या लिनक्सवर तीच ओळ काढली. तिथे 'सखाराम', इथे सहा प्रश्नचिन्हं. स, ख, काना, र, काना, म. मोजून सहा. युटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे बाइट चुकीचे वाचले गेले असते तर अठरा विचित्र रोमन चिन्हं दिसली असती, आणि त्यांतून मूळ नाव परत मिळवता येतं. प्रश्नचिन्हाचा अर्थ वेगळा: वाटेत कोणीतरी अक्षर ओळखलं, आपल्या तक्त्यात ते नाही म्हणून टाकून दिलं आणि जागेवर खूण ठेवली. ते कोण, हे लगेच सापडलं. मायएसक्यूएलचे ओडीबीसी ड्रायव्हर दोन येतात, अ‍ॅन्सी आणि युनिकोड; पहिल्याच्या तक्त्यात देवनागरी नाही, दुसऱ्याच्या आहे. घाईत मी यादीतला पहिला, अ‍ॅन्सीच निवडला होता. युनिकोडवर डीएसएन बदलला, रिफ्रेश केलं, नावं आली. काकांनी हात जोडले.

मग त्यांनी यादी खाली सरकवली. मध्येच एक प्रश्नचिन्हांची ओळ. थोडं खाली आणखी एक. एकूण अकरा.

लिनक्सवरही तीच अकरा. पहिलं पान बघून मी तिथे खाली गेलेच नव्हते. सर्व्हरवर जाऊन त्या नावांचा हेक्स, म्हणजे साठवलेल्या बाइटचे आकडे, काढला. मराठी नाव असेल तर सुरुवात 'ई० ए४' अशी होते. इथे '३एफ ३एफ ३एफ'. ३एफ म्हणजे खुद्द प्रश्नचिन्ह. दिसण्यातला दोष नव्हता हा, डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हं साठवलेली होती. पूर्वी कारखान्यात एक विंडोज मशीन अ‍ॅक्सेसमधून याच टेबलाला जोडलेलं होतं, बहुधा असाच ड्रायव्हर लावून. त्यावरून कोणीतरी या अकरा ओळी सुधारून सेव्ह केल्या असणार. बॅकअपही त्यानंतरचेच. त्या माणसांना पगार वेळेवर मिळत होता, खाते क्रमांक आकड्यांतला असल्यामुळे. नाव मात्र कंपनीच्या दप्तरातून गेलेलं, आणि कोणाच्या लक्षातही आलेलं नव्हतं. मला फार लागलं ते. माझ्या वडिलांनीही एमआयडीसीतच नोकरी केली.

काका म्हणाले, "फोनवर विचारून घेऊ." पण फोनवर ल आणि ळ, श आणि ष कळत नाही. मी ठाण्याच्या दहा नंबरवरून वाशीची गाडी पकडली.

रबाळ्याला टाइमकीपर भाऊंनी जुनं मस्टर काढून ठेवलं होतं, कापडी पाठीचं, कडा तेलकट झालेलं. टोकन नंबर जुळवत दहा नावं मिळाली. अकराव्याच्या पुढे नुसती आद्याक्षरं. भाऊ दारात गेले आणि त्यांनी शॉपमधून त्याला हाक मारली. पन्नाशीचा माणूस कॉटन वेस्टने हात पुसत आला. मी नाव विचारलं, टाइप केलं आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

त्याने वाकून वाचलं, एकदा, मग पुन्हा. "ताई, ल नाही. ळ पाहिजे."

ळ केला, सेव्ह केलं आणि ठाण्याला फोन लावला. "काका, रिफ्रेश करा."

पलीकडे माउसचा आवाज आला, मग काकांनी ते नाव मोठ्याने वाचलं. फोन स्पीकरवर होता. तो माणूस अजून तिथेच उभा होता.