भिजून की भिऊन

गेल्या आषाढात सेनेका या रोमन तत्त्वज्ञाबद्दलच्या एका वाक्यातला 'जू' पडला. पडला म्हणजे मीच पाडला, लाल पेनाने, समासात ठळक 'ऊ' लिहून.

मी मुद्रितशोधक आहे. नारायण पेठेतल्या एका छापखान्याच्या माळ्यावर माझं टेबल, खाली मशीन. छपाई चालू असली की टेबलावरचा चहाचा कप बशीत बारीक वाजत राहतो. तीस वर्षांत त्याची इतकी सवय झालीये की मशीन थांबलं की मी दचकून वर बघतो.

पुस्तक होतं तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंचं. आत्मा आणि भावना यांबद्दल युरोपातले आणि अरबी जगातले जुने विचारवंत काय म्हणत होते, प्लेटोपासून तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसपर्यंत. सोळा पानांचा एक असे २२ फर्मे, ३५२ पानं, पाचशे प्रती. विषय माझ्या आवाक्याबाहेरचा, पण बाई लिहितात सोपं. प्लेटोचा सारथी आणि त्याचे दोन बेबनाव झालेले घोडे मला लगेच कळले. इब्न सीनाचा तो हवेत तरंगणारा माणूसही कळला. डोळे झाकलेले, हातपाय एकमेकांना लागत नाहीत, काही दिसत नाही की टोचत नाही, तरी 'मी आहे' एवढं त्याला कळतंच. हे वाचून त्या दुपारी मी पाच मिनिटं डोळे मिटून बसलो होतो. मालकांना वाटलं डुलकी लागली.

माझा घात झाला तो अक्वायनसमुळे. त्याने मूळ भावना अकरा धरल्यात असं बाईंनी लिहिलं होतं आणि पुढे यादी होती: प्रेम आणि द्वेष, ओढ आणि तिटकारा, आनंद आणि दुःख, आशा आणि निराशा, धाडस आणि भय. मी सवयीने मोजल्या. दहा. समासात प्रश्नचिन्ह टाकलं. बाईंचा फोन आला, "अहो, राग राहिला! त्याला जोडीदार नाही, म्हणून जोड्या लिहिताना सुटला. तीस वर्षं शिकवलं आणि तुम्ही पकडलंत." झालं. तेव्हापासून मी स्वतःला थोडा तत्त्वज्ञच समजू लागलो. मुद्रितशोधकाने असं समजू नये. त्याने अक्षरं बघावीत, आणि अर्थ बघायचाच असेल तर पुढची ओळ वाचून मग बघावा.

नववा फर्मा स्टोइकांचा, म्हणजे ज्ञानी माणसाने भय, राग अशा विकारांना थारा देऊ नये म्हणणाऱ्या जुन्या ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांचा. सेनेका त्यांतलाच. दुसऱ्या प्रुफात वाक्य आलं: 'गार पाणी अंगावर उडालं की माणूस भिजून शहारतो, कड्यावरून खाली पाहिलं की त्याला भोवळ येते, वाईट बातमी ऐकली की अंगावर काटा उभा राहतो.' मी म्हटलं, उडालेल्या पाण्याने कोणी भिजतं का? शिंतोड्यांनी माणूस दचकतो, भितो. आणि प्रकरण तर भावनांचं. म्हणजे डीटीपीवालीने 'भिऊन'चं 'भिजून' केलंय. खोडलं, 'ऊ' लिहिला, पुढच्या पानावर गेलो. एवढ्यावरही निभावलं असतं, कारण बाईंना शेवटचं प्रूफ हवं होतं. पण मालकांना मशीन रिकामं ठेवायचं नव्हतं आणि मी छातीठोकपणे सांगितलं, "प्लेट करा, आता बघण्यासारखं काही राहिलेलं नाही." बाईंकडे प्रूफ गेलं ते नुसतं रीत म्हणून.

सकाळी अकराला फोन वाजला. कप बशीत वाजत होता, म्हणजे नववा फर्मा चालू झालेला.

"अहो, पान १३७. खालून सहावी ओळ वाचा बरं."

"'गार पाणी अंगावर उडालं की माणूस भिऊन शहारतो...'"

"आता वाक्य संपलं की त्याच्या पुढचं वाचा."

"'यांपैकी एकालाही सेनेका भय म्हणत नाही.'"

फोनवर थोडा वेळ नुसता पाऊस ऐकू येत होता, त्यांच्याकडचाही आणि आमच्याकडचाही.

कानाच्या पाळ्या तापल्या, पोटात खड्डा पडला. जिन्याला अकरा पायऱ्या आहेत, तिसरीवर गुडघा लटपटला म्हणून कठडा धरला. खाली पोचून ओरडलो, "थांबवा!" मशीनवाल्या दादाने बटण दाबलं, पण मशीन काही दाबल्या क्षणी थांबत नाही. रोलर गरगरत राहिले आणि आणखी सात-आठ कागद सुटले, एकावर एक, प्रत्येकावर 'भिऊन'. गंमत म्हणजे त्याच फर्म्यात दोन पानं आधी क्रिसिपस या जुन्या ग्रीक स्टोइकाचा दृष्टांत आहे. चालणारा माणूस हवं तेव्हा पाय थांबवू शकतो, धावणारा थांबायचं म्हटलं तरी चार पावलं पुढे जातोच. विकाराच्या हातात सापडलेलं मन त्या धावणाऱ्यासारखं. ते वाक्य मी तीनदा वाचलं होतं. ऱ्हस्वदीर्घासाठी.

मालक आले. दीडशेच्या आसपास कागद वाया, शिवाय प्लेट, शिवाय दुपारचं दुसरं काम पुढे ढकललेलं. ते जे बोलले ते रास्तच होतं, निदान पहिली दोन मिनिटं. मग गाडी माझ्या वयावर आली, चष्म्यावर आली, आणि शेवटी 'हल्ली संगणकच हे काम फुकट करतो' इथे आली. सेनेकाने रागाच्या तीन पायऱ्या सांगितल्यात. पहिली आपोआपची, तिच्यावर कोणाचा इलाज नाही. दुसरीत मन म्हणतं, माझं नुकसान झालंय, तेव्हा भरपाई व्हायला हवी. इथे अजून बोलून पटवता येतं. तिसरीत 'हवी' की 'नको' हा प्रश्नच उरत नाही, सूड हवा म्हणजे हवा. मालक तिसरीवर होते. पण त्यांचं कशाला सांगू? मी स्वतः कुठे होतो ते सांगतो. मी म्हटलं, "माझ्याकडून नाही झालेलं हे. जुन्या फाँटमधून युनिकोड करताना अक्षरं गळतात, कितीदा सांगितलंय मी."

डीटीपी करणारी मुलगी चोवीस-पंचवीसची. काही बोलली नाही. कपाटातून नवव्या फर्म्याचं दुसरं प्रूफ काढलं आणि माझ्यासमोर धरलं. 'जू'वर आडवी रेघ, समासात 'ऊ', त्याला माझी ती शेपटी.

"काका, हे अक्षर तुमचं आहे."

मालक गप्प झाले. मी गप्प झालो. दादाने विचारलं, चहा सांगू का.

ते खोटं मी ठरवून बोललो नव्हतो असं नंतर स्वतःला बरंच समजावलं. पण कान तापले ते आपोआप आणि बोललो तेही आपोआप, हे काही जमेना. मधे क्षणभर मला स्पष्ट दिसलं होतं की हे पोरीवर ढकलता येईल, आणि मी त्याला मनात 'हो' म्हटलं होतं. स्टोइक या 'हो'ला संमती म्हणतात आणि त्यांचं सगळं शास्त्र या एका शब्दावर उभं आहे. काटा, घाम, फिका चेहरा, डोळ्यांत आलेलं पाणी हा नुसता शरीराचा धक्का. मनाने त्यावर सही केली की मग भय, मग राग. सेनेका तर म्हणतो, शूर माणूसही चिलखत चढवताना फिका पडतो, मोठ्या वक्त्याचीही भाषणाआधी बोटं गारठतात. बाईंनी तिथे मराठीचा दाखला दिलाय, तो मला फार आवडला होता. आपण 'राग येतो' म्हणतो आणि 'राग धरतो'ही म्हणतो. रडू येतं, लाज वाटते, धडकी भरते, या सगळ्यांत कर्ता आपण नसतो, आपल्या बाबतीत ते घडतं. पण राग धरतो, डूख धरतो, मनाला लावून घेतो, तिथे कर्ता आपण. आपल्या आज्यांना क्रिसिपस माहीत नव्हता, क्रियापदं मात्र पक्की माहीत होती.

त्या मुलीची माफी मी दुपारी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या काका, प्लेट नवीन लावलीये." माफी सगळ्यांसमोर मागायला हवी होती, ती मी चहाच्या टेबलाशी हळू आवाजात मागितली. हेही नोंदवून ठेवतो.

संध्याकाळी बाईंकडे गेलो, एरंडवण्यात. छत्री छापखान्यातच राहिली होती, रिक्षा मिळेना, म्हात्रे पुलावर वाऱ्याने पार झोडपलं. दारात उभा राहिलो तेव्हा दात वाजत होते. बाईंनी दार उघडलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "भिजून की भिऊन?"

टॉवेल दिला, आल्याचा चहा दिला. मग कपाटातून एक जाड लॅटिन पुस्तक काढलं. "तुम्हाला वाटतं ही चूक करणारे तुम्ही पहिलेच?"

ऑलस जेलियस नावाचा रोमन, दुसऱ्या शतकातला. अथेन्सजवळच्या हिवाळ्यातल्या रात्री काढता काढता त्याने टिपणवह्या लिहिल्या, त्यांचे वीस भाग झाले. एकोणिसाव्याच्या सुरुवातीलाच जहाजाची गोष्ट आहे. कॅसिओपाहून ब्रुंडिझियमला, म्हणजे ग्रीसच्या बाजूने इटलीकडे जाताना वादळ झालं. जहाजावर एक नामांकित स्टोइक होता. तोही फिका पडला, मात्र बाकीच्यांसारखा रडला-ओरडला नाही. वादळ शमल्यावर एका श्रीमंत प्रवाशाने डिवचलं, काय हो तत्त्वज्ञ, मी नाही भ्यायलो आणि तुम्ही पांढरे पडलात? त्याला त्याने अरिस्टिपस या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञाचं उत्तर ऐकवलं: तुझ्या जिवाची तुला काळजी नव्हती ते बरोबरच आहे, तो जीव त्या लायकीचाच नाही. पण जेलियसने अदबीने विचारलं तेव्हा त्याने पडशीतून एपिक्टेटस या स्टोइक गुरूच्या प्रवचनांचा पाचवा भाग काढून दाखवला. त्यात लिहिलेलं, अचानक भयंकर काही समोर आलं तर ज्ञानी माणसाचं मनही क्षणभर हलतं, आकसतं, तो फिका पडतो. मात्र त्या दृश्याला तो संमती देत नाही. एपिक्टेटसच्या प्रवचनांचे आज चारच भाग शिल्लक आहेत. पाचव्यातला हा उतारा वाचला तो जेलियसने टिपून ठेवला म्हणून.

"आता बघा," बाई म्हणाल्या आणि बोट ठेवलं. "इथे शब्द आहे पल्लेस्केरे, फिकं पडणं. आणि हे खाली, जिथे जेलियस स्वतःच्या शब्दांत सार सांगतो, तिथे पवेस्केरे. घाबरणं."

मी चष्मा पुसून पाहिलं. देवनागरीत लिहिलं तर एका अक्षराचा फरक. 'ल्ले'च्या जागी 'वे'. वर शरीर, खाली मन, अंतर पुरतं एक बोटभरही नाही.

हा घोळ ऑक्सफर्डच्या रिचर्ड सोराबजींनी दाखवून दिला, २००० साली आलेल्या त्यांच्या ग्रंथात. त्यांचं म्हणणं असं की दोनशे-अडीचशे वर्षांनी ऑगस्टिन या ख्रिस्ती संताने 'देवाचं नगर' लिहिताना (इ.स. ४१३ ते ४२६) नवव्या भागात हीच जहाजाची गोष्ट घेतली आणि शब्द घेतला तो 'घाबरणं'. मग निष्कर्ष सोपा होता: ज्ञानी माणूसही घाबरतो, म्हणजे स्टोइकांनाही भावना होत्याच, बाकी नुसता शब्दांचा वाद. एवढा मोठा माणूस, आणि त्याच्या हातात गेलेलं प्रूफ चुकीचं. तिकडे इजिप्तच्या वाळवंटातल्या ख्रिस्ती बैराग्यांमध्ये याच पहिल्या हालचालींचं वेगळंच काही झालं. त्यांच्यातल्या इव्हॅग्रियसने या हालचालींचे आठ वाईट विचार केले. ते मनात येणं आपल्या हाती नाही, त्यांना थारा देणं हाती आहे, असं तो म्हणाला. कॅसियनने ते लॅटिनमध्ये नेले आणि सहाव्या शतकाअखेर पोप ग्रेगरीने त्यांची सात केली. आपण ज्यांना सात महापापं म्हणून ओळखतो, ती. अंगावरच्या काट्यापासून निघालेली गोष्ट पापाच्या यादीपर्यंत पोचली.

आणि हे रिचर्ड सोराबजी कोण? भारतातल्या पहिल्या स्त्री वकील कॉर्नेलिया सोराबजींचे भाचे. त्या नाशिकला जन्मलेल्या आणि आपल्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या. पुणेकराला एवढं कळलं की विषय आपोआप घरचा होतो.

मी मात्र धंद्याची बाजू सोडली नाही. म्हटलं, "बाई, जेलियसलाच कशाला दोष? नकलणाऱ्या कुणा लेखनिकाचं काम असेल हे."

"सकाळी असंच कोणावर तरी ढकललं होतंत ना?" त्या म्हणाल्या. कुणी सांगितलं कोण जाणे. कान पुन्हा तापले. या वेळी मी काही बोललो नाही, चहा प्यायलो.

वाया गेलेल्या कागदांची कोरी बाजू मालकांनी कापून पाठकोरी पॅडं करून दिली, अजून वापरतोय. मधूनच पान उलटलं की मागे 'भिऊन शहारतो' दिसतं.

आठवड्याने बारावा फर्मा आला, ऑगस्टिनचा. आता डीटीपीवालीही वाचायला लागली होती. पान १८३ घेऊन वर आली आणि म्हणाली, "काका, मागे जहाजाच्या गोष्टीत 'ज्ञानी माणूस फिका पडतो' होतं, इथे 'घाबरतो' झालंय. सारखं करू?"

मी पुढची ओळ वाचली. मग तिच्या पुढचीही वाचली. 'घाबरतो'च्या खाली एकेक करून टिंबं दिली, आणि समासात लिहिलं, 'असू दे.'