चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

कांदळवनाच्या कामात घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं कोष्टक मोठं. उधाणाला मुंबईत पाणी पाचेक मीटर चढतं-उतरतं. ओहोटीचे जे काही तास मिळतात, त्यात दोरीने चौकट आखायची, आतल्या प्रत्येक तिवराचा (कांदळवनातलं एक झाड) घेर मोजायचा आणि मातीचा कोअर, म्हणजे खोलवरचा उभा नमुना, काढायचा. गमबूट चिखलात रुततो, पाय तेवढा बाहेर येतो. म्हणून आम्ही कापडी बूट घोट्याशी सुतळीने आवळतो.

कोअर काढणं मला मनापासून आवडतं. अर्धगोल पात्याचा ऑगर मीटरभर सरळ खाली रेटायचा, अर्धा फेरा द्यायचा आणि अलगद वर ओढायचा. घाई केली की चिखल दबतो आणि कार्बनचा हिशेब चुकतो. कांदळवनात बहुतेक कार्बन खोडात नसतोच, तो या काळ्या, कुजकट वासाच्या चिखलात असतो. ठाणे खाडीच्या आमच्या काठावर ऑगरच्या पात्यात दुधाच्या पिशव्याही येतात, मुळांच्याही खालून. खेकडे बिळं करून वरचं खाली नेतात, त्यामुळे पिशवीवरून गाळाचं वय ठरवता येत नाही. तरी मी वहीत लिहून ठेवते.

पाणी भरलं की दुसरं काम, काठावरच्या लोकांचा कांदळवनाबद्दलचा दृष्टिकोन प्रश्नावलीवर नोंदवायचा. ही प्रश्नावली ज्यांनी बनवली ते खाडीत कधी उतरलेले नसावेत. पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत, पाच चौकटी.

त्या दिवशी एका कोळीवाड्यात (नाव देत नाही) एक मावशी जाळं शिवत बसल्या होत्या. चौदावा प्रश्न वाचला, ‘कांदळवनाचं क्षेत्र वाढलं पाहिजे.’

‘नको,’ मावशी म्हणाल्या.

‘असहमत की पूर्ण असहमत?’

‘बाय, आमची होडी इथून सरळ खाडीत जायची. मग गाळ भरला. गाळावर तिवरं आली. आता तिवराला हात लावला तर केस होते. गाळ कोण काढणार, ते लिहिलंय का कागदावर?’

लिहिलेलं नव्हतं. 2005 पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने कांदळवन तोडायला बंदी आहे, आणि ती नसती तर या शहरात एक तिवर उरलं नसतं, हे माझं ठाम मत आहे. पण मावशी तोडा म्हणत नव्हत्याच. चिंबोरी तिवरातच मिळते, पूर्वी काठाला चिपी (कांदळवनातलंच दुसरं झाड) बरीच होती, नाल्याचं पाणी घाण झालं तशी ती गेली आणि तिवर तेवढं टिकलं, हे सगळं त्यांनी न विचारता सांगितलं. आमच्या प्रजातींच्या तक्त्यातही तिवरच तिवर आहे.

पुढचा प्रश्न, हवामानबदलाबद्दल ऐकलंय का? ‘नाही.’ आणि लगेच, जवळा वाळत घालायचा तर पाऊस गेला कधी म्हणायचं, दसरा झाला तरी भिजवतो.

फॉर्मवर मी नोंद केली: कांदळवनाबद्दल प्रतिकूल, हवामानबदलाची जाणीव नाही.

त्याच आठवड्यात खाडीसमोरच्या टॉवरमधल्या एका काकांनी सगळीकडे ‘पूर्ण सहमत’ म्हटलं. ठाणे खाडी 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली हेही त्यांना ठाऊक होतं. निघताना त्यांनी विचारलं, पार्किंगच्या भिंतीला लागून आलेली तिवरं काढायची परवानगी कुणाकडे मागायची, डास फार होतात. त्यांचा गुणांक आमच्या यादीत सगळ्यात वर आहे.

सरांना दोन्ही फॉर्म दाखवले. ते म्हणाले, अपवाद सरासरीत विरघळतात. विरघळतात खरे, कोळीवाड्यातल्या बाकीच्या बायकाही जवळपास तेच बोलल्या आणि ‘मच्छीमार समुदायात जनजागृतीची गरज’ असं वाक्य मसुद्यात आलंसुद्धा. ते मी खोडायला सांगितलंय. चौदावा प्रश्न दोन भागांत तोडा, असलेलं जपावं का आणि नवीन कुठे वाढावं, असंही लिहून दिलंय. सरांचं म्हणणं, मध्येच प्रश्न बदलला तर आधीचे फॉर्म तुलनेला निकामी होतात. संख्याशास्त्राच्या बाजूने ते बरोबर आहेत, आणि त्याचीच जास्त चिडचिड होते. तूर्तास मावशींचं सगळं बोलणं ‘शेरा’च्या रकान्यात आहे. अहवालाच्या तक्त्यात तो रकाना घेत नाहीत.