तुम्ही विचारलंत म्हणून: पायोरच का?

"जगात एवढे फुटबॉलपटू, आणि तुमची आवडती कोण, तर पोलंडची ती पाजोर. पाच-पाच फायनल हरलेली! तिच्यात एवढं काय बघितलंत?"

२०२५ च्या मे महिन्यात लिस्बनला महिला चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यांत मोठ्या स्पर्धेच्या, फायनलमध्ये आर्सेनलनं तिच्या बार्सिलोनाला १-० हरवलं, तेव्हापासून हा प्रश्न मला पुण्यात, कोल्हापुरात, फोनवर, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला गेलाय. दरवेळी काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. आज सावकाश सांगते.

आधी नाव. स्पेलिंगमध्ये 'जे' आहे म्हणून आपण पाजोर म्हणतो, पण पोलिशमध्ये त्या अक्षराचा उच्चार 'य' होतो. एवा पायोर. हे मला वोल्फ्सबुर्गच्या स्टेडियममध्ये कळलं. २०१८ मध्ये चाकणच्या फोक्सवॅगनमधून मला तिकडं, कंपनीच्या मूळ गावी पाठवलं होतं. कालव्याकाठी कारखान्याची चार धुराडी, रविवारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. वेळ जाईना म्हणून मी महिला संघाचा सामना बघायला गेले. त्यांचं मैदान वेगळं, एओके स्टेडियम, पाच हजारांच्या आसपास माणसं मावतील एवढं. गोल झाला की माइकवरचा माणूस खेळाडूचं फक्त पहिलं नाव घेतो आणि आडनाव सगळं स्टेडियम ओरडतं. "एवाऽऽ" म्हटलं की "पायोर!" त्या मोसमात हे आडनाव ओरडायची वेळ खूपदा आली. २०१८-१९ मध्ये तिनं जर्मन लीगमध्ये २४ गोल केले, सगळ्यांत जास्त.

पण मला ती आवडली ते त्या गोलांमुळे नव्हे. मी कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघत वाढले. तिथं नजर कायम बॉलवर असायची. वोल्फ्सबुर्गमध्ये पहिल्यांदाच बॉल सोडून एकाच खेळाडूकडं बघत बसले. ती डिफेंडरच्या पाठीमागं, खांद्याला लागून उभी राहायची. डिफेंडरला बॉल दिसायचा तेव्हा ती दिसायची नाही, आणि तिला बघायला मान वळवली की बॉल नजरेआड. तेवढ्यात ही दोन पावलं बॉलकडं यायची आणि गर्रकन वळून मोकळ्या जागेत सुटायची. बहुतेक वेळा पास यायचाच नाही. मग परत जागेवर, परत तेच. टीव्हीवर हे दिसत नाही, कारण कॅमेरा बॉलच्या मागं असतो. फॉरवर्डचं निम्मं काम हे असलं, वाया जाणारं. ते कुणी मोजत नाही, आणि ती ते सामना संपेपर्यंत करत राहायची.

ती आली कुठून, तर वार्ता नदीकाठच्या, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या उन्येयूफ नावाच्या छोट्या गावाकडून. मेदिक कोनिन या क्लबकडून पंधराव्या वर्षी पोलंडच्या वरच्या लीगमध्ये. २०१३ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, पोलंडनं जिंकला, स्वित्झर्लंडमधल्या न्योंला स्वीडनला १-० हरवून, आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली. अठराव्या वर्षी वोल्फ्सबुर्ग. तिथं नऊ वर्षं, पाच वेळा जर्मन लीग जिंकली.

आता त्या फायनल. चॅम्पियन्स लीगच्या २०१६, २०१८ आणि २०२० च्या फायनलमध्ये तिचा संघ लिऑनकडून हरला. २०२३ ची आइंडहोव्हनची फायनल मात्र मी कधीच विसरणार नाही. समोर बार्सिलोना. तिसऱ्याच मिनिटाला पायोरनं लूसी ब्रॉन्झच्या पायातून बॉल काढून घेतला आणि डीच्या तोंडाशी येऊन असा हाणला की १-०. लूसी ब्रॉन्झ म्हणजे जगातल्या सर्वोत्तम डिफेंडरांपैकी एक! पुढं पायोरच्याच क्रॉसवर अलेक्झांड्रा पॉपचा हेडर, २-०. मध्यंतरानंतर बार्सिलोनानं दोन मिनिटांच्या अंतरानं दोन्ही गोल फेडले आणि सत्तराव्या मिनिटाला तिसराही केला, ३-२ नं सामना त्यांचा. एका फॉरवर्डनं फायनलमध्ये आणखी काय करायचं? एक गोल केला, एक करून दिला. त्या वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये सर्वाधिक गोलही तिचेच होते, नऊ. तिला 'हरलेली' म्हणणाऱ्यांनी तो पहिला गोल एकदा बघावा, एवढंच माझं म्हणणं.

पुढच्याच वर्षी ती त्याच बार्सिलोनाकडं गेली. पहिल्याच मोसमात स्पॅनिश लीगमध्ये २५ गोल, पुन्हा सगळ्यांत जास्त. लीग जिंकली, कप जिंकला. आणि शेवटी लिस्बन.

पण मला विचाराल तर तिचं सगळ्यांत मोठं काम क्लबसाठी नाहीच. पोलंडच्या महिला संघानं मोठी स्पर्धा कधी खेळलीच नव्हती. २०२४ मध्ये युरोच्या पात्रतेच्या प्लेऑफमध्ये ऑस्ट्रियाला आधी घरी, ग्दान्स्कमध्ये १-० हरवून ते दुसऱ्या सामन्यासाठी व्हिएन्नाला गेले. तारीख ३ डिसेंबर, तिचा अठ्ठाविसावा वाढदिवस. इंज्युरी टाइममध्ये गोल केला तो तिनंच. पोलंड पहिल्यांदा युरोला निघालं.

२०२५ च्या त्या युरोत, स्वित्झर्लंडमध्ये, ते जर्मनीकडून हरले, स्वीडनकडूनही हरले. तिसऱ्या सामन्याआधीच स्पर्धेबाहेर. तरी डेन्मार्कविरुद्धचा तो सामना बघायला मी कोल्हापुरात रात्री साडेबाराला मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात बसले. तेराव्या मिनिटाला नतालिया पादिया, विसाव्या मिनिटाला पायोर. डेन्मार्कनं पिच्छा सोडला नाही, २-१, मग ३-१, मग ३-२. संपेपर्यंत माझा जीव टांगणीला. युरोमधला पोलंडचा पहिला विजय.

आई पाणी प्यायला उठली होती.

"जिंकली का गं तुझी ती पोलंडची पोरगी?"

"जिंकली."

"मग आता फायनल?"

"नाही गं आई. आता घरी जातील."

आई तांब्या ठेवून माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "दाखव बघू, त्यातली कुठली ती?"