व्हिनियर आरपार रंगवायचं कसं?

‘व्हिनियरला, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याला, रंग झकास चढला होता, पण पॉलिश पेपर मारला आणि खालून पांढरं लाकूड डोकावलं. रंग आरपार जातो कसा?’ हा प्रश्न सारखा येतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

आधी माल बघा. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये नुसतं ‘व्हिनियर’ म्हणालात तर बहुधा प्लायवर चिकटवलेला ८ बाय ४ चा ताव पुढे येईल. एका अंगाला गोंद असल्यावर आरपार रंगायचा प्रश्नच मिटला. सुटं व्हिनियर मागा: ०.५ ते ०.६ मिमी जाड, पाठीला कागद किंवा कापड नसलेलं. मेपल, सिकामोर, बर्च, पॉपलर अशी फिकट लाकडं बरी. सागाच्या वाटेला जाऊ नका. तो तेलकट, शिवाय त्याचा मूळचा पिवळेपणा निळ्या रंगाला मळकट हिरवा करतो.

रंग पाण्यात पूर्ण विरघळणारा हवा. लोकर-रेशमाचे अ‍ॅसिड डाय चांगले काम देतात. रंगाच्या दुकानातल्या स्टेनरमधले पिगमेंटचे, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगपुडीचे, कण लाकडाच्या बारीक छिद्रांतून आत जातच नाहीत. सुती कापडाचे डायरेक्ट डाय लाकडाला लगेच धरतात आणि तिथेच घोटाळा होतो: बाहेरचा थर गडद, पोट कोरं. इथे जरा आळशी रंगच कामाचा. म्हणून कापड रंगवताना टाकतात तसं मीठही टाकू नका.

१ लिटर गरम पाण्याला १० ग्रॅम रंग, गडद हवा तर २० ग्रॅम. विरघळला की फडक्यातून गाळून घ्या. बोअरच्या जड पाण्यात काही रंगांचा साका बसतो. भांडं स्टीलचं घ्या, आणि ते पुन्हा स्वयंपाकात नको. लोखंडी घमेलं वापरलंत तर लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे करडे-काळे डाग पडतात.

खरा अडथळा हवेचा. पेशींत हवा कोंडलेली असेल तर रंग कितीही दाट करा, आत शिरणार नाही. व्हॅक्यूम पंप (बंद भांड्यातली हवा ओढून काढणारा) असेल तर व्हिनियरच्या पट्ट्यांमध्ये प्लास्टिकची जाळी घालून, वर वजन ठेवून पट्ट्या रंगात पूर्ण बुडवा. रंग थंड हवा. गरम असला तर व्हॅक्यूममध्ये उकळायला लागतो. बुडबुडे थांबेपर्यंत हवा ओढा, मग पट्ट्या बुडालेल्या असतानाच व्हॉल्व्ह सोडा. बाहेरच्या हवेचा दाबच रंग आत ढकलतो. रात्रभर तसंच राहू द्या.

पंप नसेल तर पट्ट्या रंगातच तासभर मंद उकळा आणि त्याच भांड्यात पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना हवा फुगून निघून जाते, गार होताना आतली वाफ विरते आणि रंग ओढला जातो. असं तीन-चार वेळा करा. घाईने गरम गरम बाहेर काढलेली पट्टी हवाच ओढून घेते.

तपासताना कड बघू नका, लाकडाच्या तंतूंच्या टोकांतून रंग आधी शिरतो म्हणून कड नेहमीच छान दिसते. नमुन्याची पट्टी कडेपासून निदान ५ सेंमी आत धारदार ब्लेडने तिरकी कापा आणि भिंगातून पाहा. मध्ये फिकट रेघ दिसली की पुन्हा भांड्यात.

हिरव्याची तक्रार वेगळी. निळा आणि पिवळा मिसळून केलेल्या हिरव्यात एक रंग पुढे धावतो, दुसरा मागे राहतो. पोटात नुसता पिवळा सापडतो. शक्यतो एकाच डायचा हिरवा घ्या.

काढल्यावर गार पाण्यात एकदा बुचकळा. मग कोऱ्या कागदांत, वरखाली प्लाय आणि वजन ठेवून वाळवा. वर्तमानपत्र थेट लावलंत तर शाई उमटते. पहिल्या दिवशी कागद दोनदा बदला, पावसाळ्यात त्याहून जास्त, नाहीतर बुरशी येते. एप्रिल-मेच्या उन्हात ठेवलेलं व्हिनियर पापडासारखं वळतं आणि चिरतं. वाळल्यावर रंग उतरल्यासारखा वाटेल. पॉलिशखाली तो परत उठतो. मात्र जवळ पांढरा तुकडा जडवायचा असेल तर आधी ओलं पांढरं फडकं घासून बघा. रंग सुटत असेल तर पाण्यातलं पॉलिश आणि पातळ केलेला फेविकॉल दोन्ही टाळा.